चिखलाच्या जंगलवाटांसाठी स्पोर्ट क्वाड: कामाच्या नोंदी

गाडी ४०० सीसी वर्गातली, जुनी; चार चाकांची, हँडलने वळवायची स्पोर्ट क्वाड. हवेवर थंड होणारं एका सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, मागच्या चाकांना चेन. मागचा एक्सल अखंड, म्हणजे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, आणि पुढच्या चाकांना जोर नाही. होंडाची टीआरएक्स ४०० ईएक्स १९९९ च्या मॉडेलपासून मिळायला लागली, सुझुकीची एलटी-झेड ४०० २००३ पासून. त्या पिढीतली कुठलीही गाडी तुमच्याकडे असेल तर यातलं बरंचसं कामाला येईल. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत ऑइल कूलरऐवजी रेडिएटर धरून वाचा.

ही गाडी कोरड्या ट्रॅकसाठी घडवलेली आहे. पोट जमिनीला जवळ, टायर लहान, गिअर लांब पल्ल्याचे. मला ती झाडांमधल्या अरुंद, मुळांनी भरलेल्या, ओल्या वाटांवर न्यायची आहे. मोठ्या टायरच्या फोर-व्हील ड्राइव्ह क्वाडशी तिला बरोबरी करायला लावायची नाहीये. ती हलकी आहे, हे तिचं बळ आहे, आणि ते जपत पुढे जायचंय.

२ मे

काहीही बदलण्याआधी गाडी जशी होती तशी चिखलात फिरवून आणली आणि न धुता उघडली. सुरुवात अशीच करा. धुतलेल्या गाडीवर काहीच दिसत नाही. चिखल कुठून येतो, कुठे साचतो आणि कुठून बाहेर पडायची वाट त्याला मिळत नाही, हे सगळं न धुतलेल्या गाडीवर स्पष्ट दिसतं.

सगळ्यात जास्त चिखल इंजिनखालच्या ॲल्युमिनियमच्या स्किड प्लेटवर होता. कडा वर वळवलेल्या, त्यामुळे प्लेटचा ट्रेच झालेला. खरवडून बादलीत भरला तर एका हाताने बादली उचलवेना. एवढं ओझं गाडी प्रत्येक चढावर वाहत होती, वर इंजिनच्या खालच्या भागाला वाराही लागत नव्हता. दुसरा साठा ऑइल कूलरच्या पुढे, तिसरा मागच्या स्प्रॉकेटच्या दातांत, चौथा पायाच्या जाळीत.

या चार जागांचे फोटो काढून भिंतीवर लावले. इथून पुढे प्रत्येक सुटा भाग घेताना एकच प्रश्न विचारायचा ठरवलं: यात शिरलेला चिखल बाहेर कुठून पडणार?

४ मे

मागचं चाक वर-खाली धरून हलवलं तर कटकट जाणवली. एक्सलच्या कॅरिअरमधले (एक्सल ज्यात फिरतो त्या घरातले) बेअरिंग गेलेले. बाहेर काढले तेव्हा आतलं ग्रीस पाणी मिसळून दुधाळ चहाच्या रंगाचं झालं होतं आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके होते. हे काम आधी. एक्सल डुलत असेल तर चेन सरळ चालत नाही, डिस्क कॅलिपरला घासते, आणि नवीन स्प्रॉकेटचे पैसे वाया जातात.

नवीन बेअरिंग दोन्ही बाजूंनी सील असलेलेच घेतले. कारखान्यातून त्यात ग्रीस बेताचंच येतं. बाहेरच्या बाजूचं सील बारीक सुईने, ओठाला ओरखडा न लावता उचललं, पाण्यात न धुपणारं ग्रीस भरलं आणि सील परत दाबून बसवलं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, कॅरिअर हॉट एअर गनने गरम केला. जवळजवळ हातानेच बसले, हातोडी लागली नाही.

दोन बेअरिंगांच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, विसरू नका. ती नसेल तर एक्सलचे मोठे नट कसताना सगळा ताण बेअरिंगच्या आतल्या कड्यावर आडवा येतो आणि नवे बेअरिंगही लवकर जातात. नटांना थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर कसले. जुने नट काढण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. पानाही मोठा लागतो आणि पान्याला लांब पाइपही. ही तयारी आधी करा, गाडी उघडून बसल्यावर नाही.

११ मे

टायर. हा सगळ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च, आणि तो मला दोनदा करावा लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळचे मागचे टायर २० इंचांचे, दात झिजलेले. त्या जागी २२×११-९ मापाचे (बाहेरचा व्यास, रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत) खोल दातांचे मड टायर बसवले. हातात घेतल्यावरच वजन जाणवलं. मऊ, खोल दलदलीत त्यांनी चांगलं काम केलं. पण जंगलवाट म्हणजे सलग दलदल नसते. थोडा चिखल, मग मुळं, मग कडक माती, मग पुन्हा चिखल. कडक मातीवर उंच दात वाकायचे आणि गाडी डोलायची. वळणावर त्याहून वाईट. मागचा एक्सल अखंड असल्यामुळे वळताना एक चाक थोडं घसरावंच लागतं. मागची पकड फार वाढली की ते घसरत नाही. हँडल वळलेलं, पुढची चाकं वळलेली, आणि गाडी सरळ झाडाकडे.

वजनाचा फटका वेगळाच. फिरणारं वजन वाढलं की प्रत्येक वेळी वेग धरायला इंजिनला जास्त मेहनत पडते, आणि जंगलात तर सतत वेग सोडायचा आणि धरायचा असतो. ४०० सीसीच्या हलक्या गाडीत हे लगेच कळतं.

१८ मे

मड टायर उतरवले आणि अर्ध्याहून कमी किमतीत विकले. त्याच मापाचे, पण मोकळ्या दातांचे नॉबी टायर घेतले, जंगलातल्या शर्यतींत वापरतात तसे. दात मध्यम उंचीचे, मधली अंतरं रुंद, सहा प्लायचे. पुढे २२×७-१०, मध्यभागी उभी धार असलेले, म्हणजे ओल्या मातीत हँडलचं ऐकतात.

फरक पहिल्याच ओल्या चढावर कळला. मड टायरच्या खोल खोबणीत चिकणमाती बसली की ती तिथेच राहायची आणि टायर गुळगुळीत व्हायचा. यांच्यात बसलेली माती चाकाला थोडा वेग दिला की उडून जाते. चिकणमातीत दातांच्या उंचीपेक्षा त्यांच्यामधली जागा महत्त्वाची.

बसवताना रिमची कड आणि टायरचा बीड, म्हणजे रिमवर बसणारी कडक कड, साबणाच्या पाण्याने ओले करा. बीड बसवायला हवा भरताना टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका, आणि अंग टायरच्या थेट वर ठेवू नका. चालवताना पुढे ६ आणि मागे ५ पीएसआय ठेवतोय. कारचा गेज इतक्या खालचं नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो. स्वस्त वस्तू आहे, पण तिच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार. ४ पीएसआयच्या खाली गेलो तेव्हा मुळांवर रिम आपटायला लागली.

२१ मे

टायर मोठे झाले म्हणजे गिअर लांब झाले. मागचा टायर २० वरून २२ इंचांवर गेला की एका फेरीत गाडी दहा टक्के जास्त पुढे जाते, म्हणजे ओढ जवळजवळ तेवढीच कमी. ती स्प्रॉकेटने परत आणायची.

माझी मूळची जोडी पुढे १५ आणि मागे ३८ दातांची, गुणोत्तर २.५३. नव्या टायरवर तीच ठेवली तर जुन्या टायरच्या हिशेबात ते २.३० इतकं होतं. पहिल्या गिअरमध्येही क्लच घसरवत चालावं लागेल.

सगळ्यात स्वस्त उपाय पुढचं स्प्रॉकेट लहान करणं. १३ दातांचं लावून पाहिलं. ओढ छान आली, मूळच्यापेक्षा सुमारे पाच टक्के जास्त. पण ५२० चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, १५.८७५ मिलिमीटर. १५ दातांवरून १३ वर गेलं की स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे ५ मिलिमीटरने कमी होते आणि चेनचा वरचा पदर तेवढाच खाली उतरून स्विंगआर्मवरच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) प्लास्टिकच्या पट्टीला घासतो. एका फेरीनंतर पट्टीत खोल खाच दिसली. त्यात रेती बसली की पट्टी आणि चेन दोन्ही कापली जाणार. लहान स्प्रॉकेटवर चेनला वळणही जास्त घ्यावं लागतं. काढून टाकलं.

दुसरा उपाय मागचं मोठं करायचं. ४२ दातांचं लावलं तर त्रिज्या १० मिलिमीटरने वाढते. मोठ्या टायरने एक्सलखाली जी २५ मिलिमीटर उंची मिळाली, त्यातली १० स्प्रॉकेटच परत खाणार. जंगलात सगळ्यात आधी खडकाला लागतं ते मागचं स्प्रॉकेट आणि डिस्कच.

शेवटी पुढे १४, मागे ४०. गुणोत्तर २.८६, जुन्या टायरच्या हिशेबात २.६०. मूळच्यापेक्षा ओढ किंचित जास्त, उंचीतले फक्त ५ मिलिमीटर गेले, चेन पट्टीपासून मोकळी. यात टायरवर छापलेली मापं धरली आहेत. कमी हवेवर ती प्रत्यक्षात थोडी कमी भरतात, पण तुलनेला पुरेशी आहेत.

मागचं स्प्रॉकेट घेताना दातांच्या बुडाशी खाचा पाडलेलं घेतलं. चेनची कडी बसते तिथली माती या खाचांतून बाजूला निघते.

२२ मे

चेन नवीन, एक्स-रिंगची, म्हणजे कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी सीलची. ताण बघताना गाडी नुसती स्टँडवर ठेवून मापू नका. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. शॉकअबचा खालचा बोल्ट काढून स्विंगआर्म त्या रेषेत उचलला आणि तिथे ढील तपासली. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेतली ढिली बाजू धरली आहे. स्प्रॉकेटमध्ये चिखल दाबला जातो तसा स्प्रॉकेट जणू मोठं होतं आणि चेन आपोआप ताणली जाते. बेताची ढील ठेवलेली चेन चिखलात तारेसारखी ताठ होते आणि तो ताण थेट नव्या बेअरिंगवर जातो.

माझ्या गाडीत चेनचा ताण कॅरिअर फिरवून धरतात. कॅरिअरचं छिद्र मध्यभागी नसतं, त्यामुळे तो फिरवला की एक्सल मागे सरकतो तसा थोडा वर किंवा खालीही जातो. ताण धरल्यावर एक्सलखालची उंची परत मापा.

२९ मे

आतापर्यंतचा सगळ्यात जास्त वेळ याच बिघाडाने घेतला.

एक्सलइतक्या खोल पाण्याचं लांब डबकं. अर्ध्यात गेलं की इंजिन गुदमरायचं, गॅस दिला की आणखी दबायचं आणि बंद पडायचं. बाहेर ओढून थोडं थांबलं की एका बटणात चालू. पहिला संशय प्लगवर. प्लग कोरडा. मग एअर बॉक्स. आत थेंब नाही. प्लगची कॅप, सीडीआयचे (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचे) कनेक्टर, सगळं सोडून पुसलं, पाणी अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. पुन्हा त्याच डबक्यात बंद.

कारण कार्बोरेटरच्या श्वासाच्या नळ्यांत होतं. फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल जेटकडे, म्हणजे ते इंजिनला सोडणाऱ्या बारीक छिद्राकडे, जात राहायचं असेल तर बाउलमध्ये बाहेरची हवा येत राहायला हवी. ती ज्या बारीक रबरी नळ्यांतून येते त्यांची टोकं इंजिनखाली लोंबतात. टोकं पाण्यात बुडाली की हवा बंद. पेट्रोल खाली उतरतं, त्याच्या जागी हवा येत नाही, बाउलमधला दाब घटतो, जेटला पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन मरतं. दाब फार घटला तर नळीतून पाणीही वर ओढलं जातं. बाहेर काढल्यावर टोकं उघडी होतात, म्हणून लगेच चालू व्हायचं.

उपाय अगदी स्वस्त. प्रत्येक नळी कार्बोरेटरच्या जरा वर कापून टी-जोड घातला. खालची फांदी जशी होती तशी, कारण बाउल भरून वाहिला तर पेट्रोल खालीच गेलं पाहिजे. वरची फांदी टाकीखालून हँडलच्या दांड्याजवळ नेली आणि टोकावर फोमचा छोटा तुकडा बसवला. खालचं टोक बुडालं तरी वरून हवा येते. नळी वळवताना कुठे दुमडत नाही ना हे बघा, आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा, तिच्यात पेट्रोलची वाफ असते. बाउलच्या बुडाशी असलेली निचऱ्याची नळी वेगळी. तिला हात लावायचा नाही.

त्याच डबक्यातून मुद्दाम हळू, मध्येच थांबून नेली. इंजिन एकसारखं चाललं.

एवढं झालं तरी एक्सलच्या वर पाणी असेल तर मी जात नाही. एअर बॉक्सचं तोंड सीटखाली आहे, आणि इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. खोल पाण्यातून आल्यावर तेल तपासायची सवय ठेवा. दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, आणि तेल बदलल्याशिवाय चालू करू नका.

१ जून

एअर बॉक्स. जास्त हवा मिळावी म्हणून बरेच जण झाकण काढून टाकतात. कोरड्या ट्रॅकवर ठीक आहे, जंगलात मी ते काढणार नाही. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल सीटखाली पोहोचतो, आणि झाकण काढलं की जेटही बदलावे लागतात. झाकण ठेवलं, त्याचं रबर बदललं, फोमच्या फिल्टरवर पाणी अडवणारं कापडी कव्हर चढवलं.

फिल्टरला तेल लावताना फोम दाबत राहायचा, रंग सगळीकडे सारखा येईपर्यंत. पिळायचा नाही, शिवण फाटते. कडेला ग्रीसचा पातळ थर. फेरीनंतर कार्बोरेटरच्या तोंडाच्या रबरात पांढरं फडकं फिरवतो. फडक्यावर एक कण जरी आला तरी फिल्टर परत बसवायचा. बॉक्सच्या तळाशी निचऱ्याची नळी असते, ती चिखलाने बुजलेली नाही ना हे दर वेळी बघतो.

८ जून

स्किड प्लेट. ॲल्युमिनियमचा ट्रे काढून टाकला आणि यूएचएमडब्ल्यू प्लास्टिकची (गुळगुळीत, चिवट पॉलिथिलिनची) १० मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी बसवली. हे प्लास्टिक ॲल्युमिनियमच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं आहे, पाण्यावर तरंगतं. खरा फायदा मात्र ओंडक्यावर कळतो. ॲल्युमिनियम साल धरून बसतं, यावरून गाडी घसरत पुढे जाते.

कापायला जिगसॉ, जाड दातांचं पातं, वेग कमी. वेगात कापलं तर प्लास्टिक वितळतं आणि पात्याच्या मागे कापलेली चीर परत चिकटून बंद होते. माझा अख्खा पहिला काप असा बंद झाला आणि पट्टी जास्तीची लागली. वाकवणं अवघड. गरम करून वाकवली की थंड होताना परत उघडते. पुढची कड बंपरखाली वर न्यायची होती, तिथे आतल्या बाजूने अर्ध्या जाडीच्या आडव्या खाचा पाडल्या, मग वाकली.

बोल्टांची छिद्रं गोल ठेवू नका, लांबट करा. हे प्लास्टिक तापमानाबरोबर खूप फुगतं. एक मीटर लांबीची पट्टी ४० अंशांच्या फरकाला ६ ते ८ मिलिमीटर वाढते. गोल छिद्रं असली तर पट्टी मध्ये फुगून इंजिनला टेकते. बोल्टांची डोकी पट्टीत बुडवली, नाहीतर मुळं त्यांनाच अडकतात.

कडा मोकळ्या ठेवल्या. पट्टी आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना बोटभर फट, वर पट्टीत मोठी छिद्रं. आता चिखल येतो आणि बाजूने निघून जातो. तेल काढायच्या बोल्टासमोर एक छिद्र पाडलं, म्हणजे तेल बदलायला पट्टी उतरवावी लागत नाही. स्विंगआर्मखाली त्याच प्लास्टिकचा छोटा तुकडा, स्प्रॉकेट आणि डिस्कच्या खालपर्यंत येईल असा.

१५ जून

ऑइल कूलर. चिखलाने भरला की हवेवर थंड होणारं इंजिन हळूहळू तापतं. गाडी सांगत नाही. क्लच जड वाटतो, न्यूट्रल सापडत नाही, तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी कूलरसमोर बारीक जाळी लावली. दोन डबकी पार केली आणि जाळीच भिंतीसारखी लिंपली गेली. हवा आधीपेक्षा कमी. मग शांतपणे बघितलं की चिखल येतो कुठून. समोरून फारसा येतच नाही. पुढची चाकं आतल्या बाजूने तो वर फेकतात आणि तो तिरका कूलरवर पडतो.

जाळी काढली. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि बंपरखाली जाड रबराच्या पट्ट्या लावल्या, हँडल पूर्ण वळवलं तरी टायरला लागणार नाहीत अशा. कूलरसमोर मोठ्या छिद्रांचा ॲल्युमिनियमचा पत्रा, बोटभर अंतर सोडून, तो फक्त काठ्या आणि दगड अडवायला. आता एका फेरीनंतर कूलरच्या पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो. धुताना मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने. प्रेशर वॉशर जवळ नेला तर पाती आडवी होतात आणि चिखलाने केलं नसतं तेवढं नुकसान होतं. बेअरिंग आणि चेनच्या सीलवरही तो मारू नका.

२२ जून

मागचे ब्रेक पॅड संपले. एका लांब ओल्या फेरीत. सकाळी निम्म्याहून जास्त जाडी होती, परत आल्यावर एका पॅडची लोखंडी पाठ डिस्कला घासत होती. चिखलातली रेती डिस्क आणि पॅडच्या मध्ये सतत दळत राहते. साधे ऑरगॅनिक पॅड यात टिकत नाहीत. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड घातले. किंमत जास्त, सुरुवातीला थंड असताना थोडे लाकडी वाटतात, पण ओल्यात पकड सारखी राहते. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होत्या, त्यामुळे एकच पॅड झिजत होता. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, रबरी बूट बदलले. दुसरी पॅडजोडी आता पिशवीतच असते.

२९ जून

लहान कामं.

नर्फ बार (पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये, पायाच्या बाजूला बसणारी जाळीची चौकट), टाचेच्या रक्षकासह. हे सगळ्यात आधी बसवा, असंच कुणालाही सांगेन. चिखलात तोल गेला की पाय आपोआप खाली जातो, आणि खाली मागचं चाक फिरत असतं. जाळी मात्र रुंद पट्ट्यांची आणि मोठ्या फटींची घ्या, बारीक जाळीत चिखल साचतो आणि बूट घसरतो.

हँडलवर दोन्ही टोकांना बांधलेले हँडगार्ड. फांद्या बोटांवर येत नाहीत आणि पडल्यावर ब्रेकचा लिव्हर मोडत नाही. मनगटाला दोरीने जोडलेला किल स्विच, पडलो की इंजिन बंद करणारा.

पुढची रिम बदलली. ३+२ ऑफसेटच्या जागी ४+१ (पहिला आकडा रिम बसते त्या जागेच्या आतल्या बाजूचे इंच, दुसरा बाहेरच्या). प्रत्येक बाजूला एक इंच, म्हणजे पुढची रुंदी दोन इंचांनी कमी. झाडांमधून जाताना ते दोन इंच फार मोठे असतात. याचा तोटा आडव्या उतारावर जाणवतो, गाडी लवकर हलकी होते. बसवण्याआधी टाय रॉडचं टोक रिमच्या आत लागत नाही ना हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. माझ्याकडे जेमतेम जागा उरली, आणि तिथे चिखल सुकून घासतो, तो दर फेरीनंतर काढावा लागतो.

६ जुलै

सगळं बसवून लांब फेरी. जिथे मोठ्या क्वाडनी दोन खोल चर पाडलेत तिथे ही गाडी चरात घालायची नाही, पोट टेकतं. चाकं मधल्या उंचवट्यावर आणि कडेवर ठेवायची. वाट सोडून बाजूच्या झाडोऱ्यातून मात्र नेऊ नका. प्रत्येक जण असा बाजूने गेला की वाट रुंद होत जाते, मुळं उघडी पडतात आणि शेवटी वाटच बंद होते.

दलदलीत तिसऱ्या गिअरमध्ये, आधीपासून वेग धरून, गॅस स्थिर. पहिल्या गिअरमध्ये चाकं फिरतात आणि गाडी स्वतःसाठी खड्डा खणते. एकदा रुतलीच. पुढे आणि मागे ओढायचे पट्टे आधीच फ्रेमला बांधून ठेवले होते, त्यामुळे चिखलात हात घालून फ्रेम शोधावी लागली नाही. सोबतचा मित्र म्हणाला, "आधी उतर, मग ओढू." उतरल्यावर ओझं गेलं आणि दोघांनी ती सहज बाहेर काढली. हलकी गाडी ठेवण्याचा फायदा हा.

पिशवीत काय होतं: जादा प्लग, चेनची कडी आणि कडी तोडायचं छोटं अवजार, टायर पंक्चरचं सामान, हातपंप, पॅडजोडी, केबल टाय, कोरडं फडकं. वापरले फक्त केबल टाय. मडगार्डची एक रबरी पट्टी सुटली होती.

परत आल्यावर २ मेसारखीच न धुता उघडली. स्किड पट्टीवर मूठभर चिखल, स्प्रॉकेटच्या खाचा मोकळ्या, चेनची ढील सकाळइतकीच. कूलर स्वच्छ. एक नवी जागा सापडली: टाकीखाली, टी-जोडाच्या नळ्यांमागे सुका पाला साचला होता. सायलेन्सरच्या पाइपपासून फार लांब नाही, म्हणून तिथे पत्र्याची छोटी आडपट्टी लावली.

१३ जुलै

राहिलेलं काम शॉकअबचं. माझ्या शॉकअबला फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, बदलता येतं. तो कमी केला तर गाडी मुळांवर मऊ चालते, पण पोट खाली येतं आणि कमावलेली उंची जाते. जास्त ठेवला तर उंची राहते, पण लहान मुळांच्या रांगेवर पुढची चाकं टणाटण उडतात. सध्या मधल्या खाचेवर आहे. यावर खरा उपाय मऊ स्प्रिंग आणि योग्य तेल, त्यासाठी शॉकअब उघडावे लागतील.

दांड्यावर चढवायचे कापडी कव्हर लावून पाहिले आणि काढले. आत गेलेली ओली रेती बाहेर येत नाही, दांड्यावर घासत बसते. उघडा दांडा फेरीनंतर फडक्याने पुसणं जास्त चांगलं.

स्प्रिंगसाठी माझं वजन, कपडे, बूट, हेल्मेट आणि पाठीवरच्या पाण्यासकट मापून ठेवलंय, गाडीवर बसल्यावर पुढचं आणि मागचं टोक किती खाली बसतं तेही. स्प्रिंग मागवल्या आहेत. त्या आल्या की पुढचे दोन्ही शॉकअब एकदम उघडायचे, सीलही तेव्हाच बदलायचे.